कंडिशनरचा थर: केसावर किती ठेवायचा आणि कशाने काढायचा

कंडिशनर पहिल्यांदाच लावायला घेतलेल्यांच्या तक्रारी दोनच असतात. एक, "लावलं काय आणि न लावलं काय, केस तसेच राठ." दुसरी, "केस नुसते चिकट व्हायलेत, तेल न लावताच तेलकट दिसायलेत." गंमत म्हणजे पुष्कळदा या दोन्ही तक्रारी एकाच बाटलीबद्दल असतात, आणि एकाच घरातल्या दोन बहिणींच्या. मग कोल्हापुरातल्या महाद्वार रोडच्या बाजारात एक चक्कर होते, दुसरी बाटली येते, महिनाभर बरं वाटतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

बाटली बदलण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. कंडिशनर पाण्याने धुऊन टाकायचं असलं, तरी त्यातलं थोडं केसावर मागे राहावं यासाठीच ते बनवलेलं असतं. थर राहणं हा बिघाड नाही, तेच त्याचं काम. तेव्हा थर राहतो का, असं विचारण्यात अर्थ नाही. तो किती राहिला, केसाच्या कोणत्या भागावर राहिला आणि पुढच्या वेळी तुम्ही ज्याने केस धुता त्याने तो निघतो का, एवढं बघायचं. ते घरच्या घरी कसं बघायचं, हे पुढे सांगतो.

आधी ओलाव्याचा घोळ मिटवू

जाहिरातीतलं कंडिशनर केसात ओलावा "भरतं". प्रत्यक्षात केसात पाणी किती असणार, हे मुख्यतः हवा ठरवते. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्के असते तेव्हा केसाच्या वजनाच्या साधारण १५ टक्के पाणी त्यात मुरलेलं असतं. केस पुरता भिजला की हा आकडा ३० टक्क्यांच्या आसपास जातो. तेव्हा केसाची जाडी सुमारे १५ टक्क्यांनी फुगते, लांबी मात्र जेमतेम एक-दोन टक्के वाढते. म्हणजे जुलैमध्ये पावसाची झड लागलेली असताना तुमच्या केसात जेवढं पाणी असतं, तेवढं मार्चमधल्या दुपारी असणार नाही, कंडिशनर कितीही महागाचं लावा.

आणखी एक नवल. ब्लीच केलेला, वरचेवर रंगवलेला केस चांगल्या केसापेक्षा पाणी जास्त ओढून घेतो आणि तरीही हाताला कोरडाठाक लागतो. कारण आपल्या बोटांना पाणी कळत नाही, खरखर कळते. केसाच्या पृष्ठभागावर केराटिनचे पातळ खवले असतात, जुन्या घराच्या कौलांसारखे एकावर एक रचलेले, उतार टोकाकडे. नव्या केसात या खवल्यांवर चरबीचा अगदी पातळ पापुद्रा असतो. ऊन, टॉवेलची रगड, ब्लीच, पार्लरमधली रसायनं यांनी तो जातो. मग खवल्यांच्या कडा उचकटतात आणि एक केस दुसऱ्यात अडकतो. त्याला आपण कोरडेपणा म्हणतो. कंडिशनर त्या गेलेल्या पापुद्र्याच्या जागी तात्पुरता दुसरा बसवतं. गुंता कमी होतो, कंगवा सरकतो, केस मऊ लागतो. एवढंच त्याचं काम आणि ते काही कमी नाही. ओल्या केसांतून कंगवा फिरवताना जे केस तुटतात, त्यातले बरेचसे यामुळे वाचतात.

हा पापुद्रा केसाला चिकटतो तो विद्युतभारामुळे. पाण्यात केसाच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, आणि जिथे केस खराब झालाय तिथे तो जास्त असतो. कंडिशनरमधला मुख्य घटक धन भाराचा. त्यामुळे तो केसाला जाऊन बसतो, आणि टोकाकडच्या झिजलेल्या भागावर जास्त बसतो. मुळाशी नुकताच उगवलेला केस धडधाकट असतो, त्याला या मदतीची फारशी गरज नसते. कंडिशनर मुळांना का लावायचं नाही, याचं उत्तर यातच आलं.

पहिलं काम: घरातलं पाणी बघा

कोल्हापुरात नव्याने राहायला आलेल्यांनी इथूनच सुरुवात करावी. महापालिकेच्या नळाला येणारं पाणी नदी-धरणाचं. पंचगंगेचं असो वा काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनचं, ते बोअरच्या मानाने मऊ. उपनगरातल्या अपार्टमेंटमध्ये आणि होस्टेलवर मात्र वापरायचं पाणी बहुधा बोअरचं असतं. बोअरचं पाणी खडकातल्या भेगांतून मुरत येतं आणि येताना कॅल्शियम-मॅग्नेशियम सोबत आणतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायची मुभा. पिण्यासाठी ठरवलेली ही मर्यादा पाळली तरी केसांना त्रास होऊ शकतो.

तपासणी सोपी आहे. पाण्याची रिकामी बाटली घ्या, ती अर्धी बोअरच्या पाण्याने भरा. त्यात अंगाच्या साध्या साबणाचा किसलेला चिमूटभर चुरा टाका, झाकण लावून दहा-पंधरा वेळा हलवा. दुसऱ्या बाटलीत नळाच्या पाण्याचं तसंच करा. जिथे पाणी मऊ आहे तिथे वर फेसाचा चांगला थर उभा राहील आणि खाली पाणी बऱ्यापैकी नितळ दिसेल. कठीण पाण्यात फेस बसतो, पाणी दुधाळ होतं आणि बाटलीच्या आतल्या बाजूला पांढरा साका चिकटतो. शांपूने ही चाचणी करू नका, शांपू कठीण पाण्यातही फेसाळतो आणि तुमची फसगत होते. आरओवाल्याकडच्या टीडीएस मीटरवरही जाऊ नका. तो विरघळलेले सगळे क्षार एकत्र मोजतो, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती हे सांगत नाही.

याचा कंडिशनरशी संबंध काय? कॅल्शियमचाही भार धन, आणि तोही केसाच्या त्याच झिजलेल्या जागा धरतो. केस कडक होतो, चमक जाते, शांपू झाल्यावर हात फिरवला तर करकरतो. मग माणूस कंडिशनर दुप्पट लावतो. आता क्षारही आहेत, वर जाड थरही आहे, आणि शिव्या कंडिशनरला.

बोअर बदलणं आपल्या हातात नाही, पण शेवटचे दोन-तीन मग नळाच्या पाण्याचे घेणं असतं. तेवढ्यासाठी सकाळी नळ आला की एक बादली बाजूला काढून ठेवायची. शांपूच्या लेबलवर 'ईडीटीए' किंवा 'फायटेट' असा शब्द असेल तर तो घटक कॅल्शियमला पकडून ठेवतो. बोअरवाल्यांनी असा शांपू बघून घ्यावा. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे साधं व्हिनेगर घालून ते शांपूनंतर केसांवर ओतायचं आणि मिनिटभराने चांगल्या पाण्याने धुवायचं, हेही चालतं. लिंबू मात्र थेट चोळू नका. त्याचा सामू (पीएच) दोनच्या आसपास असतो, डोक्याची कातडी चुरचुरते. आणि खायचा सोडा तर अजिबात नको. त्याने केस क्षणभर स्वच्छ वाटतो, पण सोडा अल्कधर्मी असल्याने खवले उचकटतात.

तेल आणि शिकेकाईचा हिशेब

आपल्याकडे बऱ्याच घरांत कंडिशनर येतं तेव्हा तिथे तेल आधीच मुक्कामाला असतं. त्यामुळे केसावरचा थर कंडिशनरचाच असेल, असं धरून चालू नका.

खोबरेल तेलाची बाजू घ्यायलाच हवी. त्यातलं लॉरिक आम्ल आकाराने लहान आणि सरळ साखळीचं असतं, त्यामुळे ते केसाच्या आत शिरतं. २००३ साली मुंबईच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. त्यात धुण्या-विंचरण्याने केसातून निघून जाणारं प्रथिन खोबरेलाने कमी केलं, बाकीच्या दोघांनी नाही. तेव्हा आजी न्हाण्याआधी तेल लावते ते योग्यच करते. चुकतं ते प्रमाण. केस जेवढं पिऊ शकतो त्याच्यावरचं सगळं तेल बाहेरच राहतं, आणि शांपूची ताकद तेच काढण्यात संपते. रात्री चपचपीत तेल, सकाळी एकदाच शांपू, वर कंडिशनर, असं केलं की उरलेल्या तेलावर कंडिशनर बसतं आणि केस लोंबतात. तेल लावलंय तर शांपू दोनदा. पहिला फक्त मुळांना आणि थोडक्यात, दुसरा नीट.

शिकेकाई आणि रिठ्यात सॅपोनिन असतं, ते सौम्यपणे मळ काढतं. नुसत्या तेलासाठी ते पुरतं. पण कंडिशनरमधलं सिलिकोन (डायमेथिकोनसारखं, केसावर गुळगुळीत थर देणारं द्रव्य) काढायला त्याचा जोर कमी पडतो. दुसरं म्हणजे बाजारात मिळणारी शिकेकाई पूड बऱ्याचदा भरड असते. तिचे कण केसात अडकतात, वरून कंडिशनर लावलं की तिथेच चिकटून बसतात आणि दुपारपर्यंत खांद्यावर तपकिरी भुसा. लोकांना वाटतं कोंडा झाला. पूड वापरायचीच असेल तर ती उकळून, फडक्यातून गाळून फक्त पाणी घ्या.

लेबल कसं वाचायचं

यासाठी थोडा वेळ द्या, कारण पुढच्या सगळ्या खरेदीला हे कामी येतं. भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर घटकांची यादी छापावी लागते. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने येतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर कुठल्याही क्रमाने लिहिलेले चालतात. ही एक टक्क्याची रेषा लेबलवर आखलेली नसते, पण ओळखायची एक युक्ती आहे. 'फिनॉक्सिइथॅनॉल' हे टिकवण्यासाठी घातलेलं द्रव्य शोधा. ते एक टक्क्याच्या वर घालायला परवानगी नाही. म्हणजे त्याच्यानंतर आलेलं प्रत्येक नाव एक टक्का किंवा त्याहून कमी.

आता दुकानात सहज मिळेल अशा एखाद्या बाटलीची यादी डोळ्यांपुढे आणा: पाणी, सेटिअरिल अल्कोहोल, बेहेनट्रायमोनियम क्लोराइड, डायमेथिकोन, ग्लिसरिन, अमोडायमेथिकोन, सेट्रिमोनियम क्लोराइड, सुगंध, फिनॉक्सिइथॅनॉल, आर्गन तेल, पँथेनॉल, सायट्रिक आम्ल. पुढच्या बाजूला मोठ्या सोनेरी अक्षरांत काय असतं? आर्गन तेल. यादीत ते कुठे आहे? रेषेच्या खाली. त्या तेलाचे पैसे द्यायचे का, हे तुम्ही ठरवा.

पाणी सोडून पहिलं नाव सेटिअरिल अल्कोहोल. अल्कोहोल म्हटलं की केस सुकणार असं समजून कित्येक जण बाटली परत ठेवतात. हे ते अल्कोहोल नाही. सेटिल, स्टिअरिल, सेटिअरिल ही मेणासारखी घट्ट, स्निग्ध द्रव्यं. कंडिशनरला जो दाटपणा असतो तो यांच्यामुळे. सुकवणारी म्हणजे 'डिनेचर्ड' किंवा 'आयसोप्रोपिल' अल्कोहोल. ती जेल-स्प्रेमध्ये सापडतात, कंडिशनरमध्ये सहसा वरच्या क्रमांकावर नसतात.

ज्यांच्यात 'ट्रायमोनियम' किंवा 'ट्रिमोनियम' येतं ती नावं म्हणजे ते धन भाराचे घटक. यात बेहेनट्रायमोनियमची साखळी लांब, सेट्रिमोनियमची आखूड. साखळी लांब तसा थर दाट आणि मऊपणा जास्त. केस बारीक आणि लवकर चपटे होणारे असतील तर सेट्रिमोनियम वर असलेलं हलकं कंडिशनर बघा. जाड, कुरळे किंवा रंगवलेले असतील तर बेहेनट्रायमोनियम. हे घटक आणि वरची मेणासारखी द्रव्यं मिळून केसावर एक घडी घातलेली स्निग्ध रचना बसवतात. बाकी सगळं नंतर येतं. 'सिलिकोन-फ्री' लिहिलेल्या बाटलीनेही केस चिकट होऊ शकतात ते यामुळेच. त्यात शिया बटर आणि दोन-तीन तेलं भरलेली असली तर सिलिकोनवालीपेक्षा जास्तच.

सिलिकोनबद्दल उगाच भीती पसरलीय. ते केसाला "गुदमरवत" नाही. केस जिवंत नसतो, त्याला श्वास घ्यायचा नसतो. डायमेथिकोन पाण्यात विरघळत नाही, पण सोडियम लॉरेथ सल्फेट असलेल्या साध्या शांपूने एक-दोन धुण्यांत ते बऱ्यापैकी निघतं. अमोडायमेथिकोन खराब जागा हेरून बसतं आणि जास्त टिकतं. रंगवलेल्या केसांना ते उपयोगी. ते सेट्रिमोनियम क्लोराइडबरोबर असलं की पाण्यात विरघळणारं होतं, असं कुरळ्या केसांच्या मंडळींत ठामपणे सांगितलं जातं. तसं होत नाही. सेट्रिमोनियम तिथे असतं ते बाटलीत सिलिकोनचे थेंब नीट पसरून राहावेत म्हणून. नावाआधी 'पीईजी' लागलेली सिलिकोनं मात्र बहुतांशी पाण्याबरोबर जातात. 'सायक्लो' लागलेली उडून जातात. केसांच्या सीरममध्ये बहुधा तीच जास्त असतात, जोडीला न उडणारं सिलिकोनही.

'पॉलिक्वाटर्नियम' आणि त्याच्यापुढे आकडा, किंवा 'ग्वार' ने सुरू होणारं लांबलचक नाव, हे धन भाराचे पॉलिमर. ते कंडिशनरपेक्षा शांपूत जास्त भेटतात. एकाच रेणूला अनेक ठिकाणी भार असल्याने केस धरून ठेवण्यात हे पटाईत. सिलिकोन नसतानाही केसावर थरावर थर चढतोय असं वाटलं तर संशय यांच्यावर घ्या.

ग्लिसरिन, पँथेनॉल, कोरफड ही पाणी धरणारी मंडळी. धुऊन टाकायच्या कंडिशनरमधून यातलं बरंचसं मोरीत जातं, त्यामुळे फार अपेक्षा नको. केसात तशीच ठेवायची क्रीम असते त्यात मात्र यांचा खरा परिणाम दिसतो, त्याबद्दल पुढे. प्रथिनांचे तुकडे, म्हणजे 'हायड्रोलाइज्ड' काहीतरी, खराब केसाला तात्पुरता भरीवपणा देतात, पण सारखे वापरले तर काहींचे केस ताठ होतात. घरच्या अंड्याबद्दल विचाराल तर त्यातलं प्रथिन इतकं मोठं असतं की केसात शिरत नाही. वर गरम पाणी पडलं तर केसात ऑम्लेट होतं, ते वेगळं.

शांपू आणि कंडिशनरची जोडी जमवा

सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात, आणि हे कोणी सांगत नाही. वर जे घटक पाहिले ते काढण्याची ताकद तुमच्या शांपूत आहे का, एवढंच तपासायचं.

सल्फेटचा साधा शांपू असेल तर जवळजवळ कुठलंही कंडिशनर चालतं. सल्फेट नसलेला, कोकामिडोप्रोपिल बीटेनसारख्या सौम्य घटकांचा शांपू असेल तर डायमेथिकोन यादीत वर नसलेलं कंडिशनर घ्या, किंवा पंधरवड्यातून एकदा सल्फेटचा शांपू मधे घाला. नुसती शिकेकाई किंवा नुसतं कंडिशनरने केस धुणं चालू असेल तर सिलिकोन, मेण, खनिज तेल हे सगळं टाळावं. समाजमाध्यमांवर बघून सल्फेट सोडलं पण सिलिकोनचं कंडिशनर तसंच ठेवलं, असं अर्धवट पथ्य पाळणाऱ्यांचे केस हमखास जड होतात. दोन्ही सोडा किंवा दोन्ही ठेवा.

मला विचाराल तर कोल्हापूरसारख्या दुचाकीच्या गावात, हेल्मेटखालचा घाम, रस्त्याची धूळ, गळीत हंगामात ऊसपट्ट्यातली काजळी हे सगळं असताना, आठवड्यातून दोनदा सल्फेटचा शांपू आणि टोकांना चांगलं कंडिशनर हीच जोडी बहुतेकांना बरी.

लावायचं कसं

शांपू धुऊन झाल्यावर केस हाताने दाबून पाणी काढा. केस निथळत असतील तर कंडिशनर पाण्यात पातळ होऊन खाली पडतं, आणि मग माणूस आणखी घेतो. खांद्यापर्यंतच्या केसांना चहाचा एक-दीड चमचा पुरे, कमरेपर्यंत असतील तर तीन. लहान पाउच एकदम संपवण्याची सवय असेल तर ती मोडा. पाउचमधला माल आपल्या केसांच्या मापाने भरलेला नसतो.

तळहातांवर पसरवून आधी टोकांना, मग कानाच्या पातळीपर्यंत. त्याच्या वर हाताला जे उरलं असेल तेवढंच. मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांपासून वर वर विंचरा. आता दोन-तीन मिनिटं थांबा, तेवढ्यात अंग चोळून होतं. बेहेनट्रायमोनियमला जे बसायचं ते पहिल्या काही मिनिटांत बसतं. अर्धा तास टोपी घालून बसल्याने केसाला फारसं काही जास्त मिळत नाही.

बारीक केसवाल्यांसाठी क्रम उलटा करून बघण्यासारखा आहे: आधी कंडिशनर, मग शांपू. मऊपणा थोडा कमी मिळतो, पण केस चपटे होत नाहीत.

धुणं, आणि बादलीचा प्रश्न

शॉवर असेल तर काम सोपं. बादली आणि मग असेल तर तिथेच निम्मा थर मागे राहतो. डोकं पुढे वाकवून मगाने पाणी ओतलं की वरचे केस धुतले जातात, मानेजवळचे आतले तसेच राहतात. दुसऱ्या दिवशी वेणी घालताना नेमकी तीच जागा बोटांना मेणचट लागते. केसांचे डावे-उजवे दोन भाग करा आणि मानेखालून बोटं घालत प्रत्येकावर वेगळं पाणी घ्या. वेळ वाचवायला केसांची टोकं बादलीत बुडवू नका. ते पाणी कंडिशनरचंच झालेलं असतं, तुम्ही पुन्हा तेच केसांना लावत असता.

बंबाचं कडकडीत पाणी नको, कोमट घ्या. शेवटी थंड पाणी घेतल्याने खवले मिटतात असं सांगतात, त्यात तथ्य नाही. खवले बसतात ते कंडिशनरच्या आम्लधर्मामुळे. थंड पाणी आवडत असेल तर जरूर घ्या.

किती धुवायचं? केस बुळबुळीत लागतो तोवर धुवायचं, गुळगुळीत लागला की थांबायचं. करकर आवाज येईपर्यंत धुतलंत तर कंडिशनर लावलंच कशाला? आणि पाठीवर, कपाळाच्या कडेला पुटकुळ्या येत असतील तर क्रम बदला: केस धुऊन वर बांधा, मग पाठीला साबण लावा. खाली ओघळलेला थर पाठीवर राहून छिद्रं बुजवतो.

थर साचलाय हे ओळखायचं कसं

न्हाल्यावर दुसऱ्या दिवशी, केस पूर्ण सुकलेले असताना, एकच केस मुळाशी धरून दुसऱ्या हाताच्या नखांमधून टोकापर्यंत ओढा. नखाच्या कडेला पांढरट, लोण्यासारखं काही जमलं तर तो थर. कोरडी पापुद्र्यासारखी पूड पडली तर कोंडा असू शकतो, आणि त्याला कंडिशनर बदलून उपयोग नाही. काहीच निघालं नाही पण केस ताठ आणि निस्तेज असेल, तर बोअरचं पाणी आठवा.

थर निघाला तर एकदा सल्फेटचा शांपू दोन वेळा लावा, कंडिशनर फक्त टोकांना. तेवढ्याने केस हलके झाले तर निदान बरोबर होतं. मग बाटली फेकायची गरज नाही, प्रमाण कमी करा किंवा जोडी बदला. पण एका वेळी एकच गोष्ट बदला. शांपू, तेल, कंडिशनर सगळं एकदम बदललं तर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही. ज्यांना खरंच पडताळून बघायचंय त्यांनी मधोमध भांग पाडून डाव्या बाजूला जुनं, उजव्या बाजूला नवं असं दोन-तीन न्हाणी करावं. वेड्यासारखं वाटतं, पण कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरं उत्तर मिळतं. केस किती पाणी ओढतो हे बघायला तो ग्लासातल्या पाण्यात तरंगतो की बुडतो, ही फिरत असलेली चाचणी मात्र सोडून द्या. केसावर तेल आहे की नाही, यावरच तिचं उत्तर बदलतं.

हवा बदलली की

जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब. या दिवसांत ग्लिसरिन वर असलेली, केसात ठेवायची क्रीम लावली तर ती हवेतलं पाणी ओढते, केस फुगतात आणि चिकटही लागतात. पावसाळ्यात अशा क्रीमऐवजी सीरमचे दोन थेंब पुरतात, कारण सिलिकोनमुळे बाहेरचा दमटपणा आत शिरायला वेळ लागतो. न वाळलेले केस बांधून हेल्मेट घालू नका, कंडिशनर कितीही चांगलं असलं तरी त्याचा वास येणारच.

फेब्रुवारीपासून दुपारची हवा कोरडी व्हायला लागते. तेव्हा तेच ग्लिसरिन फारसं कामाला येत नाही, ओढायला हवेत पाणीच नसतं. थोडं जड कंडिशनर आणि न्हाण्याआधी माफक खोबरेल या दिवसांना बरं. म्हणजे एकच बाटली बारा महिने पुरवायचा हट्ट नको. दोन लहान बाटल्या घ्या, एक हलकी आणि एक जड.

डोक्याला सारखी खाज, पिवळसर चिकट खपल्या, पुंजक्याने केस गळणं असं काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. खासगीत जाणं परवडत नसेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत केसपेपर काढून दाखवता येतं. जाताना वापरत असलेल्या शांपू, कंडिशनर आणि तेलाच्या लेबलांचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा, आणि त्या दिवशी सकाळी डोक्याला तेल लावू नका.